डोपामामी येणार

आप्पांच्या मांडीचं हाड जुळलं आणि त्याच दिवसापासून घरातली खरी मोडतोड सुरू झाली.

मोठ्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला, इकडून पाहिला, तिकडून पाहिला आणि हाड आपणच घडवल्यासारख्या अभिमानाने म्हणाले, "झकास! आता चालायला लागा, आजोबा. बसून राहिलात तर हाड शाबूत राहील आणि माणूस अंथरुणाला खिळेल. स्नायूंनी एकदा अंग टाकलं की मग देवसुद्धा उठवू शकत नाही."

"देव उठवत नसतोच," आप्पा म्हणाले, "देव उचलतो."

घरी येऊन आप्पा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. बसले ते बसलेच. कोणी चला म्हटलं की म्हणायचे, "जुळलंय ना? मग जुळलेलं कशाला हलवता? या घरातली माणसं एवढी नीट जुळली असती, तर मी त्यांनाही हलवलं नसतं."  सूनबाई स्वयंपाकघरात जाऊन भांडी जरा मोठ्याने लावायच्या, तेवढंच उत्तर.

आप्पांच्या चिरंजीवांना ऑफिसात 'तूर्तास' म्हणत. समोर आलेल्या प्रत्येक कागदावर 'तूर्तास प्रलंबित ठेवावे' असा शेरा मारण्यात त्यांची हयात गेली होती. हा आळस नव्हे. ही भीती होती. निर्णय चुकेल याची. चपला घ्यायला गेले तर एका पायात काळी आणि दुसऱ्यात तपकिरी घालून दुकानाचे दिवे मालवेपर्यंत आरशासमोर उभे. लग्न झालं तेही मुलीकडच्यांनी "मग पत्रिका छापायच्या का?" असं विचारलं तेव्हा यांच्या तोंडून 'तूर्तास' बाहेर पडेपर्यंत छापखान्याचा माणूस मजकूर घेऊन निघून गेला होता म्हणून. संसार चांगला झाला, पण त्याचं श्रेय छापखान्याला.

अशा माणसावर बापाला उठवायची वेळ आली. देवाची लीला म्हणतात ती हीच.

व्यायाम शिकवायला एक तरुण फिजिओथेरपिस्ट बाई येऊ लागल्या. घरात त्यांचं नाव व्यायामबाई पडलं. बाई चटपटीत, हसऱ्या, बोलताना दोन्ही हात हवेत. त्यांनी आप्पांचा पाय उचलला, वाकवला, सरळ केला आणि बाहेर येऊन तूर्तासांना म्हणाल्या, "पायात काही दोष नाही. वरच्या मजल्यावर संप चाललाय." त्यांनी कपाळावर टिचकी मारली. "मेंदू विचारतो, उठून काय मिळणार? उत्तर नाही आलं की तो पायाला हुकूमच सोडत नाही. आजोबांना बक्षीस लावा काहीतरी."

तूर्तासांना इतका सोपा निर्णय आयुष्यात कोणी दिला नव्हता. त्यांनी उत्साहाने डबा उघडला आणि खोलीच्या पलीकडच्या टोकाला स्टुलावर क्रीमची बिस्किटं मांडली. आप्पांनी बिस्किटं पाहिली, भिंत धरली, उठले आणि चक्क चालत गेले. घरात असा जल्लोष झाला की खालच्या मजल्यावरचे सेक्रेटरी कोण पास झालं ते विचारायला वर आले. दुसऱ्या दिवशी आप्पा गेले, पण कचेरीत सही करायला गेल्यासारखे. तिसऱ्या दिवशी त्यांनी काठी उलटी धरली, तिच्या वाकड्या मुठीने स्टूल अलगद ओढून घेतलं आणि बसल्याजागी बिस्किटं खाल्ली.

"बघा," ते म्हणाले, "मेंदू चालतोय माझा."

तूर्तासांचा स्वाभिमान दुखावला. त्यांनी हे सेक्रेटरींना सांगितलं, आणि सेक्रेटरींना सांगणं म्हणजे जिन्याला सांगणं. त्या आठवड्यात सल्ल्यांनी घर भरलं. कोणी म्हणे खुर्चीच काढून घ्या. कोणी म्हणे खुर्चीखाली गजराचं घड्याळ ठेवा. सेक्रेटरी म्हणाले, "माझ्या मेहुण्यानं सासऱ्याला चालवण्यासाठी कुत्रा आणला."

"मग? चालतात सासरे?"

"नाही. मेहुणा चालतो. कुत्र्याला घेऊन."

व्यायामबाईंनी मात्र बिस्किटांची कथा ऐकून टाळी वाजवली. "असंच होणार! चूक माझी, मी अर्धंच सांगितलं. अहो, गोड तोंडात पडल्यावर मेंदू फार नाचत नाही. गोड येणार, येणार, अशी चाहूल लागली की नाचतो. आणि अचानक मिळालं तर विचारूच नका! रोज ठरलेल्या जागी ठरलेलं बिस्किट, मग कसली चाहूल? मेंदूत डोपामाइन नावाचं एक द्रव्य असतं. ते धावायला लावतं माणसाला. एकदा आजोबांचं डोपामाइन यायला लागलं ना, की धरून ठेवावं लागेल त्यांना!"

हे सगळं बोलणं झालं आप्पांच्या खोलीच्या दारात. आप्पांचं कानाचं यंत्र नेहमीप्रमाणे कपाटात होतं. यंत्र फार बोलतं, अशी त्यांची तक्रार होती. तरीही संध्याकाळी त्यांनी मुलाला हाक मारली.

"अरे, ती मामी कधी यायचीय म्हणाल्या बाई?"

"कोण मामी?"

"डोपामामी. ती यायला लागली की मला धरून ठेवावं लागेल म्हणाल्या ना?" आणि मग, स्वतःशीच, डोळे बारीक करून, "म्हणजे धाकट्याची बायको असणार. तुझ्या आईचा धाकटा भाऊ रे, तो रुसून गेला आणि कुठे लांब जाऊन लग्न केलं. तिचं नाव काहीतरी वेगळंच होतं, डोपा की काय. तुझी आई शेवटपर्यंत म्हणायची, एकदा धाकट्याच्या बायकोला डोळे भरून बघायचंय. बघ, आली शेवटी माणसं शोधत!"

आता नीट पाहा. या ठिकाणी दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, "अहो आप्पा, मामी नव्हे, ते रसायन आहे," आणि कथा इथेच संपली असती. पण समोर होते तूर्तास. सांगावं की न सांगावं, या विचारात त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं आणि म्हणाले, "बघू."

आप्पांना तेवढं पुरलं. "सूनबाई, माझा तो निळा सदरा कुठाय? दाढीचं पाणी ठेवा!" आणि दाढी करायला ते मोरीपर्यंत आपल्या पायाने गेले. सूनबाईंच्या हातातलं पातेलं हातातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी आप्पा खिडकीपाशी उभे. त्यानंतर दारापाशी. त्यानंतर दाराबाहेर. जिन्यात पाऊल वाजलं की कान नसलेल्या आप्पांना ते बरोबर ऐकू यायचं. "बघ रे, मामी असेल!" यायचा पेपरवाला, नाहीतर पार्सलवाला. आप्पा त्यांचंच असं स्वागत करायचे की पार्सलवाला चुकीच्या दारी आला असेल तरी दोन मिनिटं थांबून जायचा.

व्यायामबाई हरखल्या. "काय केलंत तरी काय?" तूर्तासांनी अपराध्यासारखं सगळं सांगितलं. बाई हसता हसता जमिनीवर बसल्या. मग एकाएकी गंभीर झाल्या. "पण एक लक्षात ठेवा. चाहूल लागली आणि आलंच नाही कोणी, तर मेंदू नुसता थांबत नाही, रुसतो. होता त्याच्याही खाली जातो. मग उठवणं अवघड. आजोबांचे स्नायू आत्ता कुठे धरतायत, एवढ्यात पुन्हा बसले तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. गरजही नव्हती. 

तोवर आप्पांची मजल जिन्याच्या वळणापर्यंत गेली होती. तिथे दम खायला एक खुर्ची हवी होती. आता जिना म्हणजे सामायिक जागा. सामायिक जागेत खुर्ची ठेवायची तर सोसायटीची परवानगी. सेक्रेटरी घरगुती माणूस, पण खुर्चीत बसले की खुर्चीसारखेच कडक. "साहेब, अर्ज लागेल. खुर्चीला हात आहेत का?"

"आहेत."

"मग अवघड आहे. बिनहाताची असती तर स्टूल म्हणून सोडली असती. कारण काय लिहिणार?"

तूर्तासांनी बरंच डोकं खाजवून लिहिलं, 'पाहुण्यांची वाट पाहण्यासाठी.' त्यावर खास सभा बोलावण्यात आली. सभेत तळमजल्यावरच्या गृहस्थांनी विचारलं की पाहुणे आल्यावर खुर्ची काढणार का, दुसऱ्या एकांनी विचारलं की आमच्याकडेही पाहुणे येतात, आम्ही कपाट ठेवावं का, आणि तिसऱ्या बाईंनी मुद्द्याचं विचारलं, "पाहुणे कोण?" सेक्रेटरींनी खणखणीत आवाजात वाचून दाखवलं, "डोपामामी." खुर्ची एकमताने मंजूर झाली, आणि मामी सबंध इमारतीची झाली. येता-जाता जो तो विचारू लागला, "काय आप्पा, आल्या का मामी?"

मामी काही येईनात. आप्पांचा सदरा चुरगळू लागला. एका संध्याकाळी ते वळणावरच्या खुर्चीतून उठलेच नाहीत. तूर्तासांनी खाली वाकून पाहिलं, तर आप्पा पायांकडे बघत होते. "नसेल यायचं तिच्या मनात," ते म्हणाले. "मलाच उगीच हौस. मला आत ने रे. धरून ने."

'धरून ने' हे शब्द तूर्तासांच्या काळजात रुतले. आता ठरवायलाच हवं होतं. खरं सांगावं, तर आप्पा बसणार. खोटी मामी आणावी, तर आईच्या शेवटच्या इच्छेशी खेळ. काहीच करू नये, तरी आप्पा बसणार. त्यांनी बायकोला विचारलं. ती म्हणाली, "माझ्या ओळखीच्या गाणंवाल्या बाई आहेत, गोड आहेत, येऊन दोन शब्द बोलतील. बोलावू?" हे म्हणाले, "तूर्तास... बघू." सेक्रेटरी म्हणाले, "माझी मेहुणी आहे. बँकेत होती. कोणालाही विश्वास वाटतो. सांगू?" "तूर्तास बघू." ऑफिसात आवक-जावक सांभाळणाऱ्या बाई, ज्या सणसणीत आवाजात नाटकांत कामं करत, त्या म्हणाल्या, "साहेब, भूमिका माझी! आईची शपथ, रडवून सोडेन." "बघू, बघू."

आता 'बघू' या शब्दासारखा दगाबाज शब्द आपल्या भाषेत दुसरा नाही. लग्नाचं विचारलं आणि 'बघू' म्हटलं, तर नाही. चहाचं विचारलं आणि 'बघू' म्हटलं, तर हो. तूर्तासांच्या 'बघू'चा अर्थ तिघांनीही एकच लावला: बिचाऱ्याच्याने ठरवणं होत नाही, आपणच उरकून टाकू. आणि तिघांनीही, एकमेकांना न सांगता, रविवार संध्याकाळ उरकायला निवडली.

रविवारी सूनबाईंनी हळूच आप्पांच्या कानाशी सांगितलं, "आज येतायत हं मामी." त्यांना वाटलं, आपल्याच येणार. तेवढ्यात सेक्रेटरी खालून ओरडले, "आप्पा, आज येणार बरं का!" आणि ऑफिसातल्या नाटकवाल्या बाईंचा तूर्तासांना फोन आला, "साहेब, मेकअप करून निघाले!"

"अरे देवा," तूर्तास म्हणाले. तेवढंच म्हणाले.

आप्पांनी कपाटातून कानाचं यंत्र काढलं. खिडकीतून त्यांना फाटकाशी टॅक्सी थांबताना दिसली. आणि आप्पा निघाले! भिंत नाही, हात नाही, एका हातात काठी, दुसरा कठड्यावर. वळणावरच्या खुर्चीकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. मागून तूर्तास दोन्ही हात पुढे करून, चेंडू पकडायच्या तयारीतल्या गोलरक्षकासारखे. "धरू नका हं," व्यायामबाईंनी बजावलं होतं. सोडलं तर पडतील, धरलं तर बसतील. प्रत्येक पायरीवर तूर्तासांचा जीव वर-खाली. शेवटच्या पायरीवर आप्पांचा पाय अधांतरी थांबला, थरथरला. तूर्तासांचे हात पुढे गेले, मागे आले. पाय टेकला. आप्पा जमिनीवर होते, मोकळ्या हवेत, हाड मोडल्यानंतर पहिल्यांदा आपल्या पायांनी.

टॅक्सीतून एक बाई उतरल्या. "ओळखलंत का मला? मी डोपामामी!" त्या गाणंवाल्या. आप्पांचा चेहरा असा उजळला की फाटकावरचा दिवा फिका पडला.

तेवढ्यात सेक्रेटरींच्या दारातून दुसऱ्या बाई बाहेर आल्या, हातात पर्स, डोळ्यांवर चष्मा. "नमस्कार. मी डोपामामी. उशीर झाला, क्षमा असावी."

आप्पा इकडे पाहतात, तिकडे पाहतात, तोच फाटकातून नाटकवाल्या आवक-जावक बाई पदर डोळ्यांना लावत अक्षरशः धावत आल्या. "दादाऽऽ! चाळीस वर्षं वाट पाहिली हो या भेटीची! हीच ती तुमची अभागी डोपा!"

 एव्हाना बाल्कन्या माणसांनी गच्च भरल्या होत्या.

"या कोण?" बँकेतल्या बाईंनी विचारलं.

"मी कोण? तुम्ही कोण?"

"अहो, मला तर वाटलं मी एकटीच आहे," गाणंवाल्या बाई हळूच म्हणाल्या.

"सोसायटीनं मंजूर केलेल्या मामी आमच्या!" सेक्रेटरी मध्ये पडले. "रीतसर ठरलंय!"

"मंजूर? मी थोरली आहे!" नाटकवाल्या बाईंना रंग चढला होता. "या दोघी माझ्या सवती असतील, दुसरं काय!"

आप्पांची मूठ काठीवर घट्ट झाली. ते मुलाकडे वळले. आवाज लहान मुलासारखा झाला होता. "तू सांग रे. यातली खरी कोण?"

सगळी इमारत तूर्तासांकडे पाहू लागली. तूर्तासांनी तोंड उघडलं. जिभेवर तो शब्द येऊन उभा राहिला, आयुष्यभराचा, झिजून गुळगुळीत झालेला. त्यांनी तो गिळला. कडू लागला असावा, कारण त्यांचे डोळे भरून आले.

"कोणीच नाही, आप्पा. धाकट्या मामांच्या घरून कोणी येणार नव्हतं. व्यायामबाई म्हणाल्या ते डोपामाइन. डोक्यातलं द्रव्य आहे ते. तुम्ही मामी ऐकलंत आणि तुम्ही उठलात, म्हणून माझी जीभच वळेना. चूक माझी आहे. या तिघी केवळ तुमच्यासाठी आल्या."

आप्पांची काठी जमिनीवर किंचित घसरली. "म्हणजे धाकट्याची काही खबर नाही," ते म्हणाले. "तुझ्या आईला सांगणार होतो मी आज, फोटोसमोर हात जोडताना. आली म्हणून." तूर्तासांना वाटलं, आता बसणार, इथेच, मातीत बसणार. त्यांनी हात पुढे केले नाहीत. का, ते त्यांना सांगता आलं नसतं. ते फक्त शेजारी उभे राहिले.

मग आप्पांनी मान वर केली.

"द्रव्य? आणि ते डोक्यात असतं?"

"हो."

"म्हणजे मी तिला दारात शोधत होतो, आणि ती आत बसलेली!" आप्पांच्या मिशा हलल्या. "सगळ्यांच्या डोक्यात असते का रे ही?"

"हो, आप्पा."

"तुझ्यासुद्धा?"

"...असावी."

"मग तुझी कधी येणार? पन्नाशी उलटली की!"

पहिल्यांदा सूनबाई हसल्या, वरच्या खिडकीतून, अगदी मोठ्याने. मग नाटकवाल्या बाई, मग बाल्कन्या, आणि शेवटी तूर्तास. डोळे पुसत.

"आता आलाच आहात तर चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही," आप्पा तिघींना म्हणाले. "एकीची वाट पाहत होतो, तिघी आल्या. देवाकडे हिशोब असाच असतो, मापात कधी देत नाही." आणि ते पुढे, मागे तीन मामी, अशी वरात जिना चढू लागली. वळणावर दम लागला तेव्हा आप्पा खुर्चीत बसले खरे, पण गाणंवाल्या बाईंना म्हणाले, "तेवढ्यात एक म्हणा." बाईंनी देवाचं एक लहानसं गाणं म्हटलं. जिन्यात आवाज असा घुमला की मजल्यामजल्यावरची दारं उघडली, आणि दुसऱ्या कडव्याला आप्पा उभे राहून टाळ्यांनी ताल धरत होते, काठी काखेत.

चहा झाला. नाटकवाल्या बाईंनी आपला रडण्याचा प्रवेश पूर्ण करून दाखवला, कारण तयारी वाया घालवणं त्यांना पटेना. बँकेतल्या बाईंनी आप्पांना पत्त्यांत हरवलं. चांगला अंधार पडल्यावर तिघी निघाल्या, तेव्हा आप्पांनी पायात चपला सरकवल्या.

"आप्पा, पुन्हा खाली?" तूर्तास म्हणाले.

"पाहुण्यांना पोचवायला नको?"

फाटकच काय, ते रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत गेले. तूर्तास चार पावलं मागून, हात खिशात घालून चालत होते. कोपऱ्यावर गाणंवाल्या बाईंनी निरोप घेताना विचारलं, "आजोबा, परत कधी येऊ? पुढच्या रविवारी?"

"छे, छे!" आप्पांनी काठी उगारली. "वार सांगू नका, वेळ सांगू नका. सांगून आलात तर तुम्ही बिस्किट. न सांगता या. आज ना उद्या कोणीतरी येणारच आहे, मी रोज इथपर्यंत बघायला येत जाईन."